टीव्हीतलीच अ‍ॅप्स वापरायची की वेगळी स्टिक घ्यायची? आधी टीव्हीचं वय बघा

घरात स्मार्ट टीव्ही आहे, त्यात नेटफ्लिक्स, यूट्यूब, जिओहॉटस्टार सगळं चालतंय, मग वर परत तीन ते सहा हजार रुपये घालून फायर स्टिकसारखं काहीतरी, म्हणजे एचडीएमआय पोर्टला लावून अ‍ॅप्स चालवणारं छोटं डिव्हाइस, मागे कशाला लटकवायचं, हा प्रश्न दर दिवाळी सेलच्या आधी कुणी ना कुणी विचारतंच. आणि उत्तरं पण ठरलेली, एक जण म्हणतो अजिबात नको, पैसे पाण्यात, दुसरा म्हणतो स्टिकशिवाय स्मार्ट टीव्ही म्हणजे डब्बा. दोघंही आपापल्या घरापुरते बरोबर असतात. माझं मत सरळ आहे, टीव्ही नवा असेल आणि बऱ्या कंपनीचा असेल तर सध्या काहीही घेऊ नका, आणि टीव्ही चार-पाच वर्षांचा होऊन रडायला लागला असेल तर टीव्ही बदलू नका, स्टिक घ्या. पण मधे बऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे घरात रिमोट कुणाच्या हातात असतो.

आधी टीव्हीच्या आत काय असतं ते बघू. पडदा म्हणजे पॅनल, ते नीट वापरलं तर आठ-दहा वर्षं आरामात जातं. पण त्याच्या मागे जो छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो तो स्वस्तातला असतो, कारण आपण दुकानात टीव्ही घेताना इंच बघतो, रंग बघतो, किंमत बघतो, रॅम किती आहे हे विचारणारे फार कमी. ३२ इंची बजेट टीव्हीत १ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज हे सर्रास असतं, आणि त्या ८ मधलं बरंचसं सिस्टिमच खाऊन बसते. शोरूममध्ये लावलेला असतो तो डेमो व्हिडिओ, धबधबा आणि पोपट, तो कुठल्याही टीव्हीवर भारीच दिसणार. अ‍ॅप उघडून दाखवा म्हटलं की सेल्समन म्हणतो इथे नेट स्लो आहे सर.

पहिलं वर्ष सगळं छान जातं. मग अ‍ॅप्स अपडेट होत होत जड होतात, टीव्हीचा प्रोसेसर तोच, आणि हळूहळू होम बटण दाबल्यावर चार सेकंद, जिओहॉटस्टार उघडायला अर्धा मिनिट, मॅच चालू असताना अ‍ॅप आपोआप बंद, असं सुरू होतं. आमच्याकडे बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीचं हेच झालं, पडदा अजून एकदम मस्त, पण स्टोरेज फुल असल्यामुळे एक अ‍ॅप काढल्याशिवाय दुसरं अपडेट होईना. अशा वेळी नवीन टीव्ही घेणं म्हणजे टायर झिजला म्हणून गाडी विकण्यासारखं आहे.

आता सपोर्टचं. टीव्हीतलं अ‍ॅप चालत राहील की नाही हे तुमच्या हातात नसतं, टीव्ही कंपनी आणि अ‍ॅपवाले मिळून ठरवतात. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही टीव्हींवर चालणं बंद केलं, टीव्ही चांगला असला तरी. अलीकडे मोठ्या कंपन्या जरा सुधारल्यात, सॅमसंगने त्यांच्या नव्या मॉडेल्सना सात वर्षांपर्यंत सिस्टिम अपग्रेड देऊ असं जाहीर केलंय, एलजीने पाच वर्षांत चार अपग्रेड असा कार्यक्रम काढलाय. हे कुठल्या मॉडेलला लागू आहे ते मात्र घेण्याआधी विचारूनच घ्या. ऑनलाइन सेलमध्ये मिळणाऱ्या स्वस्त ब्रँड्सकडून असलं आश्वासन सहसा मिळत नाही, तिथे दोन वर्षांनी अपडेट आलं तर आलं.

स्टिक अमर असते असंही नाही हां. मार्च २०२५ मध्ये क्रोमकास्टच्या, म्हणजे गूगलच्या अशाच छोट्या डिव्हाइसच्या, २०१५ च्या दुसऱ्या पिढीचं आतलं सर्टिफिकेट एक्सपायर झालं आणि जगभरातले ते डिव्हाइस एकदम चालेनासे झाले, मग गूगलने काही दिवसांत अपडेट देऊन ते परत चालू केले. त्याच्या आधी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्ट बनवणंच थांबवत असल्याचं सांगितलं होतं. फरक इतकाच की स्टिक मेली तर नुकसान काही हजारांचं, टीव्ही बदलायचा म्हटलं तर तीस-चाळीस हजार गेले.

अजून एक गोष्ट आहे जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. बाजारात काही टीव्ही असे येतात ज्यांवर अँड्रॉइड लिहिलेलं असतं, पण ते गूगलने मान्यता दिलेलं टीव्हीचं अँड्रॉइड नसतं, मोबाइलचंच अँड्रॉइड टीव्हीत घुसवलेलं असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे रिमोट हलवला की पडद्यावर माउससारखा बाण फिरतो, आणि अ‍ॅप उघडलं की मोबाइलवर दिसतं तसंच दिसतं. अशा टीव्हीवर एचडीसाठी लागणारी सुरक्षा पातळी, म्हणजे वाइडवाइन एल१, बऱ्याचदा नसते आणि मग तुम्ही नेटफ्लिक्सचे कितीही पैसे भरा, चित्र फुसकंच दिसतं, किंवा अ‍ॅप चालतच नाही. इथे स्टिक घेण्यावाचून पर्याय नाही, आणि सेटिंगमध्ये खटपट करत बसू नका, ते सेटिंगचं काम नाहीये. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने भारतीय स्पर्धा आयोगाबरोबर अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात तडजोड केली, २०.२४ कोटी रुपये भरले, आणि भारतात टीव्ही कंपन्यांवर प्ले स्टोअर घेतलंच पाहिजे अशी सक्ती राहणार नाही हे मान्य केलं. कंपन्यांना मोकळीक मिळाली हे चांगलंच, पण ग्राहक म्हणून आपल्याला आता जास्त बघून घ्यावं लागणार, की या टीव्हीत नक्की कुठलं स्टोअर आहे आणि त्यात आपली अ‍ॅप्स आहेत का.

आता रिमोटचा मुद्दा, ज्यावर खरं तर अर्धा निर्णय व्हायला पाहिजे. टीव्हीतल्या अ‍ॅप्सचा सगळ्यात मोठा फायदा वेग नाही, चित्र नाही, एकच रिमोट हा आहे. तुम्ही पुण्यात किंवा बंगळुरात, आई-बाबा सांगलीला, तुम्ही सुट्टीत जाऊन हौसेने स्टिक लावून दिली आणि परत आलात, की दुसऱ्या दिवशी फोन येणार, अरे टीव्हीवर नो सिग्नल आलंय. झालेलं काही नसतं, चुकून इनपुटचं बटण दाबलं गेलेलं असतं आणि टीव्ही एचडीएमआय १ वर गेलेला असतो, स्टिक एचडीएमआय २ वर. पण हे फोनवर समजावताना तुमचा आणि बाबांचा दोघांचा बीपी वाढतो. त्यात सेट टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा, स्टिकचा वेगळा, तीन रिमोट सोफ्याच्या हातावर आणि त्यातल्या एकाचे सेल नेहमी संपलेले.

यावर उपाय आहे, फक्त कुणी सांगत नाही. एचडीएमआय सीईसी नावाची सोय जवळपास सगळ्या टीव्हींत असते, पण प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केलं की स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबल्यावर टीव्ही आपोआप चालू होऊन बरोबर इनपुटवर येतो, आणि बऱ्याच टीव्हींवर टीव्हीच्याच रिमोटने स्टिक पण चालवता येते. शिवाय हल्लीच्या फायर स्टिकच्या रिमोटवर टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण असतं. म्हणजे आई-बाबांना एकच रिमोट द्यायचा, टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात. हे तिथे असतानाच करून, दोनदा बंद-चालू करून बघून मग निघा, फोनवरून होत नाही.

आणि खरं सांगू का, ज्या घरात मुख्य वापर संध्याकाळच्या मालिका आणि बातम्या हाच आहे, टाटा प्ले किंवा केबल चालू आहे, आणि ओटीटी म्हणजे आठवड्यातून एखादा पिक्चर, तिथे मी स्टिक घेऊच नका म्हणेन. टीव्हीतलं अ‍ॅप जरा हळू उघडलं तर उघडू दे, घाई कुणाला आहे. पण उलटं असेल, म्हणजे केबल काढून टाकली आणि स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असं रोज चाललंय, तर मग रोज रात्री तीन अ‍ॅप्समध्ये ये-जा करावी लागते आणि तेव्हा तो हळूपणा डोक्यात जातो. १ जीबी रॅमच्या टीव्हीत एक अ‍ॅप सोडून दुसऱ्यात गेलं की पहिलं बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून उघडतं, हा खरा त्रास आहे.

मधला तिसरा मार्ग पण आहे. टाटा प्ले, एअरटेल यांच्याकडे अँड्रॉइडवर चालणारे सेट टॉप बॉक्स मिळतात ज्यात चॅनल आणि अ‍ॅप्स दोन्ही एकाच रिमोटवर येतात, जिओ फायबरबरोबर पण बॉक्स मिळतो. ज्येष्ठांच्या घरात हे स्टिकपेक्षा बरं पडतं, कारण रिमोटवर आकडे असतात आणि चॅनल नंबर टाकून लावायची सवय मोडत नाही. तोटा असा की कनेक्शन सोडलं की बॉक्सचा अर्धा उपयोग गेला, काही ठिकाणी तर बॉक्स परतच द्यावा लागतो, त्यामुळे घेताना तेवढं विचारून घ्या.

चित्राच्या बाबतीत लोक उगाच भांडतात. टीव्ही बरा असेल तर त्यातलं अ‍ॅप आणि स्टिक यात बहुतेकांना फरक दिसणार नाही, आणि दिसला तर तो सेटिंगचा असतो. आतलं अ‍ॅप पॅनलला ओळखून असतं, कंटेंट एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारा असेल तेव्हाच एचडीआर लागतं. स्टिक लावली की एकदा सेटिंगमध्ये जाऊन डायनॅमिक रेंज म्हणजे एचडीआर कायम चालू न ठेवता कंटेंटप्रमाणे बदलेल असं करावं लागतं, नाहीतर साधे चॅनल पण भडक दिसतात आणि लोक म्हणतात स्टिकने रंग बिघडवले. सिनेमा बघणारे असाल तर फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय पण चालू करा, कॅमेरा हळू फिरतो तेव्हा चित्र अडखळतं ते कमी होतं. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार घेत नाहीत, त्यामुळे स्टिकच्या खोक्यावर ते लिहिलंय म्हणून तुमच्या सॅमसंगवर दिसेल असं समजू नका, तिथे एचडीआर१० किंवा एचडीआर१०+ वरच काम भागवावं लागतं.

बरं, ज्यांना ४के साठी स्टिक घ्यायचीय त्यांनी आधी आपला प्लॅन बघावा. नेटफ्लिक्सचा १४९ वाला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, १९९ वाला बेसिक ७२०पी देतो, ४के फक्त ६४९ च्या प्रीमियममध्ये. म्हणजे १९९ चा प्लॅन आणि ४के स्टिक घेतली तर चित्र होतं तेवढंच राहणार. पण इथे माझा सल्ला जरा उलटा आहे. तुमचा टीव्ही ३२ इंची एचडी रेडी असला तरी घ्यायची असेल तर ४के वालीच स्टिक घ्या, आणि त्यात पण २ जीबी रॅमवाली. कारण चित्रासाठी नाही, वेगासाठी. सगळ्यात स्वस्त स्टिकमध्ये १ जीबीच रॅम असते, म्हणजे जो आजार टीव्हीला झालाय तोच विकत आणला. आणि ४के लिहिलंय म्हणजे २ जीबी असेलच असं धरून चालू नका, अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेली फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट १ जीबीवर चालते. तिच्यात अँड्रॉइड पण नाही, त्यांची नवी व्हेगा सिस्टिम आहे, म्हणजे बाहेरून अ‍ॅप टाकायची सवय असेल त्यांना ती चालणार नाही. फक्त अधिकृत अ‍ॅप्स बघणाऱ्याला काही फरक पडत नाही.

अ‍ॅपल टीव्हीचं, म्हणजे अ‍ॅपलच्या बॉक्सचं काय, असं पण विचारतात. २०२२ मध्ये ४के चं नवं मॉडेल आलं तेव्हा भारतात १४,९०० पासून होतं. वेग जबरदस्त, होम स्क्रीनवर जाहिरातींचा मारा नाही, वर्षानुवर्षं अपडेट येतात. पण घरात सगळे आयफोनवाले नसतील आणि टीव्ही स्वतःच वीस हजाराचा असेल तर हे काही पटत नाही. आणि अमेरिकेतला भाऊ येताना रोकू, म्हणजे तिकडची अशीच स्टिक, घेऊन येतो म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणा, ते भारतात अधिकृतपणे विकलंच जात नाही, वॉरंटी नाही आणि आपली अ‍ॅप्स मिळतीलच असं नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे नको म्हणेन. ऑनलाइन दीड-दोन हजारात नाव न ऐकलेले अँड्रॉइड बॉक्स मिळतात, खोक्यावर ८ जीबी रॅम, ८के, सगळे चॅनल फुकट असं काय काय लिहिलेलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता, असल्या स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच किंवा सेटअप करतानाच मालवेअर येतं आणि तुमच्या घरचं इंटरनेट गुन्हेगार स्वतःच्या कामासाठी वापरतात. ज्या वायफायवर तुमचा बँकेचा फोन आहे त्यावर हे कशाला आणायचं.

प्रायव्हसीबद्दल बोलायचं तर दोन्हीकडे बोंबच आहे. टीव्हीत पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय असते, अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला याच कारणावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले, १ कोटी १० लाख टीव्हींवरून माहिती गोळा केली होती. आणि लोकांना वाटतं स्टिक लावली की सुटलो, तर तसं नाही, टीव्ही नेटला जोडलेला असेल तर तो एचडीएमआयवरून येणारं चित्र पण ओळखू शकतो. स्टिक घेतलीत तर टीव्हीचं वायफाय काढूनच टाका, अधूनमधून अपडेटपुरतं जोडा. मग राहिली स्टिक, ती अ‍ॅमेझॉनची असो की गूगलची, होम स्क्रीनवर जाहिराती दाखवणारच आणि तुमची आवड टिपणारच, सेटिंगमध्ये काही बंद करता येतं, सगळं नाही.

वायफायचा विषय छोटा आहे पण खूप जणांचा प्रॉब्लेम तोच असतो. बरेच स्वस्त टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, सोसायटीत आजूबाजूला वीस राउटर, त्यामुळे संध्याकाळी गोल गोल फिरत बसतं. स्टिकला ५ गिगाहर्ट्झ मिळतं, तेवढ्याने बऱ्याच घरात प्रश्न संपतो. राउटर टीव्हीच्या शेजारीच असेल तर स्टिक घेण्याआधी शंभर-दीडशे रुपयांची लॅन केबल लावून बघा, टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचं असतं पण ४के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, मग अडचण कुठे आहे.

तसंच पैसे खर्च करण्याआधी एका रविवारी टीव्हीची साफसफाई करून बघा. न लागणारी अ‍ॅप्स काढा, बाकीच्यांचा कॅशे साफ करा, टीव्ही रिमोटने नाही तर भिंतीवरच्या बटणाने बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, आणि तरी नाही जमलं तर फॅक्टरी रिसेट. बरेच टीव्ही यानंतर अजून वर्षभर ओढतात. रिसेटच्या आधी सगळे पासवर्ड हाताशी ठेवा, नाहीतर घरच्यांच्या शिव्या खाल.

घ्यायचं ठरलंच तर टीव्हीच्या मागे जाऊन एचडीएमआय किती आहेत ते मोजा. दोनच असतील, एकात सेट टॉप बॉक्स आणि एआरसी वाल्यात, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या पोर्टात, साउंडबार, तर स्टिकला जागाच नाही, मग स्विच घ्या, अजून एक वायर, अजून एक कटकट. अशा ठिकाणी बॉक्सवाला तिसरा मार्ग किंवा टीव्हीतलीच अ‍ॅप्स बरी. टीव्ही भिंतीला अगदी चिकटून असेल तर स्टिकबरोबर येणारा छोटा एक्स्टेंडर वापरा, फेकून देऊ नका, त्याने स्टिक मोकळी राहते, कमी तापते आणि वायफाय पण बरं पकडते. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, बऱ्याच टीव्हींचं पोर्ट अर्धा अँपिअरच देतं आणि मग मधेच स्टिक रीस्टार्ट होते, मग लोक कंपनीला शिव्या घालतात. खोक्यातला अ‍ॅडॉप्टर भिंतीत लावा. गावाकडे वीज कमीजास्त होते तिथे तो अ‍ॅडॉप्टर टीव्हीच्याच स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर टीव्ही चालू राहतो आणि स्टिक परत परत पहिल्यापासून सुरू होत बसते.

स्टिकचा एक फायदा मी मुद्दाम शेवटी ठेवला, ती खिशात टाकून नेता येते. मे महिन्यात गावी गेलात, तिथला टीव्ही जुना साधा पण एचडीएमआय असलेला, फोनचा हॉटस्पॉट लावला की पोरांचं काम झालं, फक्त डेटा किती जातोय त्यावर लक्ष ठेवा आणि स्टिकच्या सेटिंगमध्ये व्हिडिओची क्वालिटी आधीच कमी करून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत दिवसाचा कोटा संपतो आणि बाकी दिवसभर पोरं तुमच्या मागे.